शामरावजींचा कडता

सिंदीच्या शामरावजी तडसांना कोणी वय विचारलं की ते म्हणत, "बेचाळीस. पण दोन वर्षं टायफाइडात गेले, त्याचा कडता काढा. चाळीस धरा."

हा माणूस गंमत करत नव्हता. रेशन कार्डावरसुद्धा त्यांनी चाळीसच लिहून घेतलं होतं, आणि तलाठ्याने हरकत घेतली तेव्हा त्यालाच विचारलं होतं, "काऊन बाप्पा, तुमी बिमार पडले तवा जगत होते काय?" तलाठी बिचारा नवीन होता. त्याने लिहून दिलं.

कडता म्हणजे काय ते आमच्या वर्धा जिल्ह्यात लहान पोरालाही ठाऊक असतं, पण बाकीच्यांसाठी सांगतो. कापसाची गाडी आली की तिचं वजन होतं. पण त्या वजनात निव्वळ कापूस किती आणि ओल, माती, पालापाचोळा किती? जे कापूस नाही ते अंदाजाने वजा करायचं, त्याला कडता म्हणतात. व्यापाऱ्याला तो जास्त हवा असतो, शेतकऱ्याला मुळीच नको असतो, आणि मधला मापारी दोघांच्याही शिव्या खातो. शामरावजींचे वडील कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्याच्या फाटकावर मापारी होते. त्यांच्यामागे पंधरा वर्षं शामरावजी होते. बाकीचे मापारी सकाळी एकदा कडता ठरवत आणि दिवसभर सगळ्यांना तोच लावत. शामरावजी मात्र प्रत्येक गाडीवर चढत, कोपरापर्यंत हात कापसात खुपसत, मूठभर कापूस आतून ओढून गालाला लावत आणि मगच बोलत. रांग फाटकाबाहेर जाई. कोणी आरडाओरड केली की त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, "कालच्या गाडीचा कडता आजच्या गाडीले लावत नसतात."

शेवटी जिनिंगवाला कंटाळला की शामरावजी कंटाळले ते मला नक्की माहीत नाही. मी त्यांना ओळखू लागलो तेव्हा ते रेडिओ दुरुस्त करत होते. वडिलांचा पितळी बिल्ला मात्र दुकानात खिळ्याला टांगलेला असे, आणि दर सोमवारी चिंचेने घासून लख्ख केलेला असे.

रेडिओ दुरुस्त करणारा हा माणूस कानाने अधू होता. जिनिंगच्या यंत्रांनी पंधरा वर्षांत त्यांचे कान खाल्ले होते. रेडिओ जुळवून झाला की ते स्पीकरवर तळहात ठेवत आणि आत हाक मारत, "अवो, पाहा बरं काय म्हणते हा." मग मथुरावहिनी पदराला हात पुसत बाहेर येत, कान देत आणि निकाल सांगत, "बोलते, पण नाकातून बोलते." शामरावजी पुन्हा पेचकस उचलत. अशा रीतीने सिंदीतले निम्मे रेडिओ एका माणसाच्या हातांनी आणि एका बाईच्या कानांनी चालत होते.

घरातही कडता सुटला नव्हता. भाजी चांगली झाली की शामरावजी म्हणायचे, "भूक लय होती, तिचा कडता काढला तरी बरी हाय." वहिनी म्हणायच्या, "मंग उद्या जेवूनच जेवाले बसजा." पुतणीसाठी स्थळ पाहायला गेले तेव्हा यांनी उंचीतून चपलांचा कडता काढायला मुलाला चपला काढून भिंतीला उभं केलं होतं. जमलेलं लग्न त्यापायी मोडता मोडता राहिलं, आणि वहिनी आठ दिवस यांच्याशी बोलल्या नाहीत.

आता माझं. सत्तरच्या दशकात युरेनियम शोधणाऱ्या सरकारी सर्वेक्षणाच्या एका तुकडीत मी उपकरणं सांभाळत असे. बी.एस्सी., पदार्थविज्ञान. हे मी त्या काळी न विचारताही सांगत असे. आमच्या काळ्या दगडाच्या मुलखात युरेनियम सापडेल असं कोणी म्हणत नव्हतं. आमचे लोक पूर्वेकडच्या डोंगरांत फिरत. पण सिंदीला रेल्वे होती, स्टेशनाजवळ कापसाचं एक रिकामं गोदाम मिळालं होतं, म्हणून उपकरणांचा तळ तिथे पडला. मी मूळचा वर्ध्याचा. शामरावजींच्या शेजारची खोली मी भाड्याने घेतली आणि माझ्या आयुष्यात कडता शिरला.

आमची उपकरणं परदेशी होती. खडकातून निघणारे किरण नळीत शिरले की टिक् असा आवाज होतो किंवा काटा हलतो. टिकटिक वाढली की खाली काहीतरी आहे असं समजायचं. फार देखणी यंत्रं होती, पण मे महिना लागला की एकेक मान टाकत असे. सुटे भाग बाहेरून येणं थांबलं होतं. मी यंत्र पेटीत घालून मुख्यालयाला पाठवी. तीन महिन्यांनी ते परत येई, सोबत चिठ्ठी, "दोष आढळला नाही." आढळणार कसा, तिथल्या खोलीत पंखे होते. आमच्या गोदामात पत्र्याखाली मीच बंद पडायच्या बेतात होतो.

एकदा डोकं फिरलं आणि मी एक यंत्र पिशवीत लपवून शामरावजींकडे नेलं. सरकारी वस्तू, बाहेर नेल्याचं कळलं असतं तर माझी नोकरी गेली असती. त्यांनी ते उघडलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "थंड मुलखातलं जनावर हाय बाबू हे. याले आपला मे कोणी सांगतलाच नाई." मग त्यांनी आतली एक गुंडाळी उलगडून हाताने पुन्हा गुंडाळली, मेणात बुडवली, आणि नळीभोवती धुनकलेल्या कापसाची गादी केली. चार दिवसांनी यंत्र बोलू लागलं.

"दगड कोठी हाय?" शामरावजींनी विचारलं.

"कुठला दगड?"

"टिकटिक करून राह्यलं म्हणते ना ही. मंग दगड कोठी हाय?"

वहिनी कानाला यंत्राला जोडलेली श्रवणी लावून बसल्या होत्या आणि मान डोलावत होत्या. मी ऐटीत समजावलं की दगड नसला तरी थोडी टिकटिक होतच असते. किरण मातीतून येतात, खतातून येतात, भिंतीच्या विटांतून येतात, आकाशातून येतात. आपल्या अंगातूनही थोडेफार येतात.

शामरावजींनी पेचकस खाली ठेवला. "माह्या अंगातून? हिच्याबी?"

"सगळ्यांच्याच."

"मंग हा तर कडता झाला."

मला हसू आलं, पण ते बरोबर होतं. आम्ही त्याला मोठं इंग्रजी नाव देत होतो एवढंच.

"कडता किती वेळा काढता तुमी?" त्यांनी विचारलं.

"रोज सकाळी, तळावर. एकदा."

शामरावजींनी माझ्याकडे असं पाहिलं की माझी बी.एस्सी. कोणीतरी काढून घेतल्यासारखं वाटलं. "तळावरचा कडता, आन् लावता डोंगरावरच्या दगडाले? बाबू, तुमच्यावाणी मापाऱ्याले माह्या बुढ्यानं फाटकात उभं केलं नसतं."

मी चिडलो. पाठ्यपुस्तकाचं नाव सांगितलं. त्यांनी विचारलं, ज्याने हे पुस्तक लिहिलं त्याने कधी कापूस मोजला होता काय.

त्या दिवसापासून त्यांनी स्वतःचं यंत्र करायला घेतलं. आमच्या भंगारातली एक नळी मी रीतसर कागद करून त्यांना दिली. बाकी सगळं त्यांचं. ॲल्युमिनियमचा जेवणाचा डबा, त्याच्या वरच्या पुडात बॅटऱ्या, खालच्या पुडात हाताने गुंडाळलेल्या तारा. वर टिक् झाली की लुकलुकणारा एक लाल बल्ब आणि एक तबकडी. तबकडीवर आकडे त्यांनी स्वतः रंगवले. मी पाहिलं तर एकच्या जागी 'लाभ' लिहिलेलं.

"हे काय?"

"आमी मोजताना एक म्हणत नाई. लाभ म्हणतो. लाभ, दोन, तीन. माह्या बुढ्यानं जिंदगीभर एक म्हटलं नाई."

"अहो, हे सरकारी काम आहे."

"मंग सरकारले लाभ नको काय?"

उरला प्रश्न नळीच्या उंचीचा. नळी जमिनीपासून कधी वर, कधी खाली राहिली तर मोजणी फसते. यावरचा उपाय फक्त सिंदीच्याच माणसाला सुचला असता. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा होतो. लहान पोरं चाकांवरचे लाकडी नंदी सजवून ओढत नेतात. सिंदीचे नंदी म्हणजे काही विचारू नका, काही तर माणसापेक्षा उंच असतात. शामरावजींच्या माळ्यावरही एक गुडघाभर नंदी होता. लग्नानंतर हौसेने आणून ठेवलेला. त्याला ओढणारं पोर काही त्या घरात आलं नाही. एके सकाळी पाहतो तर नंदी देवघराशेजारी उतरून ठेवलेला आणि त्याच्या चाकाच्या पाटावर यंत्राचा डबा बसवलेला. पुढे ओढायला दोरी होती, तीही नंदीचीच. वहिनी म्हणाल्या, "पडूनच होता. यायच्या तरी कामी आला." आणि स्वयंपाकघरात गेल्या.

मोजायचं काम वहिनींकडे आलं, कारण टिकटिक त्यांनाच ऐकू येत होती आणि उन्हात बल्ब दिसत नसे. त्या एका वाटीत सरकी घेऊन बसत. टिक् झालं की एक सरकी दुसऱ्या वाटीत. शामरावजी घड्याळ धरत. मिनिट झालं की वाटीतल्या सरक्या मोजायच्या. घरातला आकडा नेहमी अठ्ठावीसच्या आसपास येई. तो शामरावजी खडूने भिंतीवर लिहीत.

मी मुख्यालयाला पत्र लिहिलं. का लिहिलं देव जाणे. उत्तर आलं की दातार साहेब स्वतः येऊन चाचणी घेतील. स्थानिक उपकरण परदेशी उपकरणाच्या तोडीचं ठरलं तर पुढची यंत्रं तिथेच करवून घेऊ. नाही ठरलं तर सिंदीचा तळ उठेल आणि खात्याची नळी परस्पर बाहेर दिल्याबद्दल संबंधितांकडून खुलासा मागवू. संबंधित म्हणजे मी.

गावात बातमी फुटली. जिनिंगच्या फाटकावरची जुनी मंडळी म्हणू लागली, आता या भैताडाचं माप सरकार काढणार. हे ऐकून शामरावजी दोन दिवस नीट जेवले नाहीत. वहिनींनी मला सांगितलं, "बाबू, रेडिओ बिघडला तर लोकं रेडिओले बोलतात. माप चुकलं तर मापाऱ्याले बोलतात. यायले त्याचंच भेव हाय."

चाचणी ठरली वानखेड्यांच्या चार एकराच्या शेतात. कापसाची झाडं उपटून झाली होती, जमीन मोकळी होती. दातार साहेब पांढऱ्या शर्टात आले. उंच, मोजकं बोलणारे, पुण्याकडचे. पहाटे सगळ्यांना दूर ठेवून त्यांनी एकट्याने शेतात युरेनियमच्या खनिजाचा एक तुकडा पत्र्याच्या डबीत घालून वीतभर खोल पुरला. तो शोधायचा. परदेशी यंत्र घेऊन मी, आणि नंदीच्या चाकांचं यंत्र घेऊन शामरावजी.

म्हणजे मला माझ्याच माणसाविरुद्ध उभं केलं होतं. खरं सांगायचं तर हातात ते चकचकीत यंत्र आल्यावर मला जिंकावंसंच वाटू लागलं.

शामरावजी धुतलेलं धोतर, काळी टोपी आणि छातीवर वडिलांचा बिल्ला लावून आले. मागे वहिनी, हातात दोन वाट्या.

"या कोण?" साहेबांनी विचारलं.

"हे मोजणार हाय," शामरावजी म्हणाले.

"यांची तांत्रिक पात्रता काय?"

"कान."

साहेबांनी तबकडीकडे पाहिलं. "आणि हे लाभ काय आहे?"

मी मध्ये पडून म्हणालो की नंतर सविस्तर सांगतो.

मी सकाळी तळावर काटा शून्यावर लावून आलो होतो. आल्या आल्या सपाट्याने निघालो. शेताच्या पश्चिम टोकाला गोठ्याजवळ पोचलो आणि काटा उठला. पुढे गेलो, आणखी उठला. गोठ्याच्या कुडाला यंत्र टेकवलं तर काटा चांगलाच वर चढला. मी ओरडलो, "साहेब, इथे आहे."

तिकडे शामरावजींनी शेताचा पहिला कोपराही सोडला नव्हता. वहिनी बांधावर बसून सरक्या टाकत होत्या आणि हे घड्याळ धरून उभे होते. "तीस," वहिनी म्हणाल्या. शामरावजींनी पाटावर खडूने तीस लिहिलं, दहा पावलं गाडी ओढली आणि पुन्हा उभे राहिले.

साहेब गोठ्यापाशी आले. "मी इथे पुरलेलं नाही," ते शांतपणे म्हणाले, "पण काटा तर दाखवतोय. दार उघडा."

वानखेड्यांनी दार उघडलं. आत खताच्या सहा थैल्या होत्या. पोटॅश. एक फुटली होती आणि लालसर दाणे दारापर्यंत सांडले होते. पोटॅशमधूनही किरण निघतात हे मला पाठ होतं. परीक्षेत त्यावर मी पाच गुण मिळवले होते. वानखेड्यांनी मोठ्या काळजीने विचारलं, "काऊन साहेब, खत खराब निघालं काय?"

मी तोंड लपवायला जागा शोधत होतो. यंत्र पुन्हा शून्यावर लावावं म्हणून पाहतो तर ऊन चढलेलं आणि काटा आपोआपच वर सरकू लागलेला. आता शेतात कुठेही उभा राहिलो तरी मला युरेनियम दिसत होतं.

तोवर चाकं करकरत शामरावजी येऊन पोचले. वहिनी थैल्यांपासून चार हातांवर बसल्या. मिनिटभर वाटीत सरक्या पडत राहिल्या. "एक्केचाळीस," वहिनी म्हणाल्या.

"आहे म्हणता का इथे?" साहेबांनी विचारलं.

शामरावजींनी वाकून चिमूटभर लाल दाणे उचलले, गालाला लावले आणि टाकून दिले. "इथं खताचा कडता हाय. तो काढला तर मागं तीसच राहते, आन् तीस तर साऱ्या वावरात हाय. इथं काईच नाई साहेब." आणि गाडी ओढत चालू लागले.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "अहो, असं दर दहा पावलांवर थांबलात तर संध्याकाळ होईल."

"होऊ द्या," शामरावजी म्हणाले. "कालच्या गाडीचा कडता आजच्या गाडीले लावत नसतात."

दातार साहेब थांबले. त्यांनी मला विचारलं, हे काय म्हणाले? मी सांगितलं. जिनिंगचं फाटक, कोपरापर्यंत खुपसलेला हात, सगळं सांगितलं. साहेबांनी टोपी घातली आणि गाडीच्या मागे स्वतः चालू लागले.

बांधावर गावातले तीस-चाळीस लोक जमले होते. फाटकावरची मंडळीही होती. दुपार टळली. एकोणतीस, एकतीस, तीस, अठ्ठावीस. शामरावजींचा सदरा अंगाला चिकटला होता. दोन वेळा त्यांनी वहिनींना विचारलं, "बराबर आयकून राह्यली ना?" आणि दुसऱ्या वेळी वहिनी फणकारल्या, "कान माहे हायेत. तुमी घड्याळ पाहा."

पूर्वेच्या बांधाजवळ एक बाभूळ होती. तिथे गाडी थांबली. वहिनींनी एक सरकी टाकली, दुसरी टाकली, आणि मग त्यांचा हात वेड्यासारखा चालू लागला. एकेक करून जमेना म्हणून त्या चिमूट चिमूट टाकू लागल्या. मग थांबल्या, कानातली श्रवणी नीट दाबली, आणि त्यांनी पहिली वाटी उचलून सगळीच्या सगळी सरकी दुसऱ्या वाटीत ओतून दिली.

"अवो, हे काय केलं?" शामरावजी घाबरले. "माप गेलं ना."

"हे मोजाचं नाई," वहिनी म्हणाल्या, "हे ओताचं हाय."

साहेब स्वतः गुडघ्यावर बसले आणि हातांनी माती उकरली. वीतभर खाली पत्र्याची डबी होती.

बांधावर जो गलका झाला तो मालगाडीच्या शिट्टीतही ऐकू आला असेल. फाटकावरच्या एका म्हाताऱ्या मापाऱ्याने पुढे येऊन शामरावजींच्या छातीवरचा बिल्ला हाताने पुसला. मला आनंद किती झाला ते सांगतो. मी हरलो होतो, यंत्रासकट हरलो होतो, आणि तरी मी वानखेड्यांना कडकडून मिठी मारली. त्यांना अजूनही खताची काळजी होती.

साहेब म्हणाले, "तडस, असं उत्तम काम मी बऱ्याच वर्षांत पाहिलेलं नाही."

शामरावजी ऐकून विचारात पडले. "साहेब उपाशी हायेत, उनात हायेत," ते मला बाजूला घेऊन म्हणाले. "थोडा कडता काढा लागन. पण बरं बोलले."

पुढच्या काही वर्षांत त्या दुकानात खात्यासाठी यंत्रांमागून यंत्रं तयार झाली आणि आमच्या लोकांबरोबर डोंगरांत फिरली. चाकांच्या जागी पट्टे आले, डब्याच्या जागी पेटी आली, पण मेण तेच, कापसाची गादी तीच आणि गुंडाळलेल्या तारा त्याच हातच्या. मे महिन्यात एकही यंत्र परत आलं नाही. तबकडीवर लाभच्या जागी एक लिहा असा साहेबांनी एकदा आग्रह धरला. शामरावजींनी दोन महिने यंत्रं देणं थांबवलं. शेवटी यंत्राच्या अधिकृत आराखड्यात 'लाभ' आलं, सहीशिक्क्यासह. नोंदीच्या तक्त्यात दर ठिकाणच्या मोजणीशेजारी एक नवा रकाना छापला गेला. त्याचं नाव इंग्रजीत होतं, पण डोंगरात फिरणारा प्रत्येक माणूस, मग तो मद्रासकडचा असो की बंगालचा, त्याला कडताच म्हणत असे.

मग माझी मुख्यालयात बदली झाली. ऐंशीनंतरच्या एका हिवाळ्यात मथुरावहिनी गेल्याचं पत्र आलं. मला जाता आलं नाही. खरं तर जाता आलं असतं, पण नवीन यंत्राचं काम अंगावर होतं आणि मी गेलो नाही.

ते नवीन यंत्र आम्ही चार जणांनी मिळून केलं. हातात मावेल एवढं, आकडे उजेडात उमटणारे. आणि त्यात एक बटण होतं. जिथे उभे असाल तिथे ते दाबायचं, की यंत्र तिथली टिकटिक आपली आपण मोजून वजा करतं. दातार साहेबांनीच ते हट्टाने घालायला लावलं होतं. आम्ही आपसात त्याला कडत्याचं बटण म्हणायचो. पहिलं यंत्र तयार झालं तेव्हा मी रजा काढून सिंदीला निघालो. कोणाला दाखवायचं हे मनात पक्कं होतं.

दुपारी पोचलो. दुकानाला अर्धी फळी होती. शामरावजी थकले होते, पण बिल्ला लख्ख होता. मी आत जाऊन बसलो आणि मोठ्या थाटात यंत्र काढलं. "शामरावजी, तुमचा कडता आता यंत्रात गेला. पाहा." आणि बटण दाबलं. आकडे फिरले आणि थांबले. शून्य.

शामरावजींनी यंत्र हातात घेऊन ते शून्य डोळ्यांजवळ नेलं. मला वाटलं, डोळे भरून येतील आता. तसं काही झालं नाही.

"म्हणजे इथं कोणीच नाई म्हणते काय हे?" त्यांनी विचारलं.

"तसं नाही. जे नेहमीचं असतं ते वजा झालं."

"बंद करा ते बटन, बाबू."

मी बंद केलं. मग माझं लक्ष स्वयंपाकघराच्या उंबऱ्याकडे गेलं. वहिनी जिथे बसायच्या त्याच जागी नंदीच्या चाकांवरचं पहिलं यंत्र उभं होतं. लाल बल्ब लुकलुकत होता. पुढे दोन वाट्या. आणि वरची भिंत खडूच्या आकड्यांनी भरलेली, अठ्ठावीस, सत्तावीस, एकोणतीस, अठ्ठावीस, पार छतापर्यंत.

"ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी लावलं मी," शामरावजी म्हणाले. "म्हटलं, आता घर उतरलं असन. किती उतरलं ते पाहू. तर अठ्ठावीस. ती होती तवाबी अठ्ठावीस, आन् नाई तवाबी अठ्ठावीस. मंग रोज पाहून राह्यलो."

माझ्या ओठांवर आलं होतं की ते विटांचं आहे, मातीचं आहे.

"मले मालूम हाय," ते म्हणाले. "भिंतीचं हाय, आभाळाचं हाय. तुमीच सांगतलं होतं. पण आपल्या अंगातूनबी निंगते, हेबी तुमीच सांगतलं होतं. पस्तीस वर्षं बसली ती इथं. या घराचा कडता मी काढत नाई."

मी यंत्र पिशवीत ठेवलं.

"मले फक्त बल्ब दिसते," ते पुढे म्हणाले. "टिकटिक काई मले आयकू येत नाई. आज तुमी आयका, मी सरकी टाकतो."

मी उंबऱ्यावर बसलो आणि वहिनींची श्रवणी कानाला लावली. शामरावजींनी घड्याळ पुढ्यात ठेवलं. पहिली टिक् आली आणि मी म्हणालो, "लाभ." त्यांनी एक सरकी उचलून पलीकडच्या वाटीत टाकली. दोन, तीन, चार. आपण किती मोठ्याने मोजतोय याचं मला भान नव्हतं. रस्त्यावरून जाणारी माणसं दारात थबकली आणि पुढे गेली.

मिनिट संपलं. एकतीस झाले होते.

"एकतीस?" शामरावजींनी सरक्या पुन्हा मोजल्या. एकतीसच होत्या. कितीतरी वेळाने त्यांच्या चेहऱ्यावर जुनं हसू आलं. "तुमी आले ना आज. म्हणून."

असा आकडा दोन-तीनने खालीवर होतच असतो, कोणी आलं-गेलं याचा त्याच्याशी काही संबंध नसतो, हे बी.एस्सी.च्या पहिल्याच वर्षाला शिकवतात. मी खडू त्यांच्यापुढे केला. त्यांनी खडू घेतला, भिंतीवर जागा शोधून एकतीस लिहिलं आणि चहा ठेवायला उठले.